पेट्रोलचा काटा खोटं सांगतो तेव्हा

टाकी फुल्ल केली तरी काटा रिकाम्यावरच झोपलेला, किंवा गाडी रिझर्व्हला लागली तरी काटा अर्ध्यावर ठाम. अशा वेळी गॅरेजात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘टँक युनिट गेलंय, नवीन टाकू.’ टँक युनिट म्हणजे टाकीत बसवलेला, पेट्रोलची पातळी मोजणारा भाग. कधी ते वाक्य खरंही असतं. पण पुष्कळदा दोष असतो तो कपलरमधल्या (वायरी जोडणाऱ्या प्लगमधल्या) हिरव्या बुरशीसारख्या गंजाचा किंवा सुटलेल्या अर्थिंगचा (बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणाऱ्या जोडाचा), आणि मग नवीन युनिट म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. युनिट खरोखरच गेलं असलं तरी ते का गेलं हे टाकीत डोकावून पाहायला हवं. तळाशी पाणी साचलेलं असेल तर ते नव्या युनिटचीही तीच गत करतं. म्हणून क्रम ठरलेला: आधी वायर, मग युनिट, मग टाकी.

इथे पेट्रोलवर चालणाऱ्या बाइक, स्कूटर आणि छोट्या कार डोळ्यांपुढे आहेत. डिझेल गाडीतही विजेचा भाग असाच तपासतात.

काटा हलतो कशामुळे

टाकीत एक फ्लोट तरंगतो. त्याच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला पितळी किंवा चांदीचा मुलामा दिलेली दोन-तीन बारीक बोटं असतात आणि ती एका रेझिस्टन्सच्या, म्हणजे विजेला अडथळा करणाऱ्या, पट्टीवरून सरकतात. मीटरकडून आलेला करंट त्या पट्टीतून अर्थला जातो. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली येतो, रेझिस्टन्स बदलतो, काटा हलतो. यंत्रणा एवढीच.

जपानी धाटणीच्या बहुतेक बाइक-स्कूटरींत टाकी भरलेली असताना रेझिस्टन्स कमी, म्हणजे साधारण ५ ते १० ओहम असतो आणि रिकामी असताना ९० ते १०० ओहमच्या आसपास जातो. व्हीडीओ (VDO) या जर्मन मीटर कंपनीच्या पद्धतीच्या युनिटात उलटं असतं: रिकामी १०, भरलेली १८०. बाजारातून ‘बसेल हो’ म्हणून आणलेलं युनिट बसतं, पण पेट्रोल भरलं की काटा खाली जातो, तो यामुळेच. आपल्या गाडीचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. ते मिळाले तर निम्मं काम झालं. खालची उदाहरणं ‘कमी ओहम म्हणजे फुल्ल’ या पद्धतीची आहेत.

लक्षण नीट बघा

मीटरमधलं सगळंच बंद असेल तर आधी फ्यूज बघा. जुन्या कारमध्ये पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकाच वेळी बिघडले, तर दोन सेन्सर एकदम जायचा योग फार क्वचितचा. त्या दोघांना सुमारे १० व्होल्ट पुरवणारा डॅशबोर्डमागचा स्टॅबिलायझर किंवा त्याची अर्थिंग तपासा.

काटा कायम रिकाम्यावर म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलं आहे: वायर, कपलर, अर्थिंग किंवा पट्टी. कायम फुल्लवर म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा फ्लोट वर अडकला आहे. ठरावीक जागीच काटा उडतो, म्हणजे अर्ध्यापर्यंत व्यवस्थित येऊन तिथून एकदम शून्यावर आणि पुढे परत बरोबर, तर पट्टी त्या जागी झिजली आहे. भरपूर पेट्रोल असूनही काटा कमी दाखवतो आणि तो कमीपणा दिवसेंदिवस वाढतो, तेव्हा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरल्याचा संशय घ्या.

काही गोष्टी मात्र बिघाड नसतात. बाइकची टाकी फ्रेमच्या दोन्ही बाजूंना खोगिरासारखी बसते, वर रुंद आणि खाली दोन कप्प्यांत विभागलेली. त्यामुळे वरचा अर्धा भाग सावकाश आणि खालचा भराभर संपल्यासारखा वाटतो. टाकी काठोकाठ असताना फ्लोट छताला टेकलेला असतो, म्हणून पहिले एक-दोन लिटर काटा हलतच नाही. साइड स्टँडवर घेतलेल्या रीडिंगला तर काहीच अर्थ नाही. डिजिटल मीटर पेट्रोलची हिंदळ लपवायला आकडा मुद्दाम सावकाश बदलतं. किल्ली चालू ठेवून पेट्रोल भरलं तर काही मीटर बराच वेळ जुनीच काडी दाखवत राहतात. भरताना किल्ली बंद ठेवा, तसंही ते बंधनकारकच आहे.

टाकी न उघडता करायची परीक्षा

सामान: मल्टिमीटर, वायरचा तुकडा, १ वॉटचे दोन रेझिस्टर, एक १० ओहमचा आणि एक १०० ओहमचा. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते चिल्लरीत मिळतात.

बाइकमध्ये युनिटचा कपलर सीटखाली किंवा टाकीच्या मागच्या टोकाखाली सापडतो, बऱ्याच हॅचबॅक कारमध्ये मागच्या सीटखालच्या गोल किंवा चौकोनी झाकणाखाली. कार्बोरेटरच्या गाडीत सहसा दोनच वायर असतात. इंजेक्शनच्या गाडीत युनिट आणि पंप एकत्र असतात, तिथे चार-पाच वायर दिसतील. जाड दोन पंपाच्या, बारीक युनिटच्या. जाड वायरींना हात लावू नका.

किल्ली बंद करून कपलर काढा. आधी त्यात निरखून बघा: हिरवट-पांढरा थर, आत दबलेली पिन, पाण्याचा थेंब. धुलाई सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने हे नेहमी होतं. काँटॅक्ट क्लीनर मारा, पिन जुन्या टूथब्रशने घासा, कपलर दोन-तीन वेळा लावून काढा. कित्येक काटे इथेच ताळ्यावर येतात.

नाही आला, तर गाडीकडून येणाऱ्या कपलरमध्ये सिग्नलची वायर आणि अर्थची वायर यांच्यात १०० ओहमचा रेझिस्टर लावा आणि किल्ली चालू करा. काटा रिकाम्याजवळ यायला हवा. किल्ली बंद करून तिथेच १० ओहमचा लावा, पुन्हा चालू करा. काटा फुल्लकडे जायला हवा. जुना काटा वर चढायला अर्धा-एक मिनिट घेतो, घाई करू नका. नुसत्या वायरने शॉर्ट करून बघण्याची जुनी सवय मात्र सोडा: डिजिटल मीटर शॉर्टला बिघाड समजून सगळ्या काड्या लुकलुकवतं, आणि जुन्या मीटरची तापणारी पट्टी जळूही शकते.

दोन्ही रेझिस्टरना काट्याने बरोबर साथ दिली, तर मीटर आणि वायरिंग निर्दोष, दोष टाकीत. साथ दिली नाही, तर टाकी उघडण्याचं कारणच नाही. रेझिस्टरचं दुसरं टोक कपलरच्या अर्थऐवजी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावून बघा. आता काटा हलला तर अर्थिंग गेलेली आहे.

अर्थिंगचं माप असं घ्या: कपलर जोडलेला, किल्ली चालू, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मागच्या बाजूने कपलरमधल्या युनिटच्या अर्थ वायरला. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. होंडा आणि हीरोच्या बऱ्याच गाड्यांत ही वायर हिरवी असते, इतरांत सहसा काळी किंवा काळी-पिवळी. ती बॉडीला जिथे बोल्टने बसते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढून धातू उघडा करा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा. अर्थमध्ये १० ओहमचा जादा अडथळा आला, तर भरलेली टाकीही मीटरला १५-२० ओहमची दिसते आणि काटा कधीच फुल्लला पोचत नाही.

नव्या कारमध्ये ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावलात तर काम सोपं होतं. पी०४६० ते पी०४६३ हे कोड याच सर्किटचे: ०४६२ सिग्नल कमी, ०४६३ सिग्नल जास्त, ०४६१ म्हणजे सिग्नल येतो पण पटत नाही.

युनिट बाहेर काढताना

इथून पुढे पेट्रोलची वाफ आहे. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि हवेत तिचं प्रमाण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असलं की ठिणगीची वाट बघते. काम उघड्यावर करा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. जवळ ड्राय पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर आणि वाळूची बादली ठेवा. देवघरातला दिवा, गिझरची ज्योत, पानपट्टीवरची विडी, सगळं लांब. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका; फुप्फुसात गेलेला एक घोटही दवाखाना दाखवतो. दहा रुपयांचा हातपंप मिळतो असं नाही, पण शंभर-दीडशेचा पुरतो.

इंजेक्शनच्या गाडीत लाइनमध्ये साधारण ३ बारचा दाब असतो. पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. बॅटरी सोडायची ती त्यानंतर.

टाकी पाव भागापर्यंत खाली आणा. युनिटभोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने पूर्ण काढा, नाहीतर ती उघडताक्षणी आत पडते. बाइकमध्ये चार-पाच नट असतात. ते आलटून पालटून समोरासमोरचे सैल करा. कारमध्ये मोठी लॉक रिंग असते. तिच्यावर छिन्नी-हातोडी चालवू नका, लाकडी ठोकळा किंवा पितळी रॉड वापरा. युनिट तिरकं करत बाहेर घ्या, दांडी वाकू देऊ नका. बसण्याची दिशा मार्करने खूण करून ठेवा. जुनी पॅकिंग किंवा ओरिंग परत वापरायची नाही: पेट्रोल पिऊन ती फुगलेली असते आणि खाचेत नीट बसत नाही.

टेबलावरची तपासणी

मल्टिमीटर ओहमवर लावून दोन्ही टोकांना जोडा आणि दांडी बोटाने अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. आकडा सलग चढत किंवा उतरत जायला हवा. मध्येच उडाला किंवा सर्किट तुटल्यासारखा दिसला, तर नेमकी ती जागा भिंगाखाली बघा. चांगल्या पट्टीवर बोटांच्या वाटेची चकचकीत रेघ दिसते. बिघडलेल्या पट्टीवर ती रेघ एखाद्या ठिकाणी काळी पडलेली, किंवा थरच निघून खालचं पांढरं सिरॅमिक दिसणारी. झीज बहुधा खालच्या भागात, कारण ‘दोनशेचं टाका’ या हिशोबाने भरणाऱ्या गाड्यांचा फ्लोट आयुष्यभर तेवढ्याच पट्ट्यात नाचतो.

काळेपणा असेल तर काँटॅक्ट क्लीनर आणि कापसाचा बोळा, बस. पॉलिश पेपर लावलात तर थर जाईल आणि युनिटही. बोटांचा दाब सैल झाला असेल तर सुईने हलकेच, केसभर वाकवा. जास्त दाबलं तर तीच बोटं पट्टी खरवडतील. पांढरं सिरॅमिक दिसत असेल तर नवीन युनिट आणा, त्यावर उपाय नाही.

फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळ झाली की निकाल लागला. पोकळ पितळी फ्लोटचं भोक शोधायला तो गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे कुठून येतात ते दिसतं. डाख लावून ते बुजवता येतं, पण आतलं पेट्रोल पूर्ण बाहेर काढून, फ्लोट दोन-तीन वेळा गरम पाण्यात बुडवून, वास पूर्ण गेल्यावरच. आत थेंबभर राहिलं तरी सोल्डरिंग आयर्न लागताच तो फुटतो. प्लॅस्टिकचा फ्लोट दुरुस्त करत बसू नका.

टाकीच्या तळाशी काय आहे

युनिट बाहेर आहे तोवर टॉर्चने आत बघा. टॉर्च बंदिस्त एलईडीचा हवा आणि टाकीपासून लांब असतानाच चालू केलेला. मोबाइल टाकीच्या तोंडावर धरू नका. तो आत पडला की वेगळाच लेख लिहावा लागेल.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, टाकीत पाणी येण्याचं सगळ्यात साधं कारण झाकणाभोवतीच्या खळग्यात असतं. त्या खळग्यात एक बारीक भोक असतं, तिथून एक नळी टाकीतून आरपार खाली जाते आणि पावसाचं पाणी जमिनीवर सोडते. ही नळी चिखलाने तुंबते किंवा कुंभारमाशी तिच्या खालच्या तोंडात मातीचं घर करते. मग खळग्यात पाणी तुंबतं आणि झाकण उघडताच सगळं टाकीत. मे महिन्यात भोकात थोडं पाणी ओतून बघा, खाली धार आली पाहिजे. नाही आली तर पातळ, मऊ वायर खालून सरकवा. वरून जोरात हवा मारायचा मोह आवरा, नळी सांध्यातून सुटली तर पाणी कुठे जाईल याचा नेम नाही.

आपलं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं (ई-२०) आहे, आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी मिसळून जळून जातं. प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन वेगळे होतात आणि तळाशी थर धरतात. तो थर वीज वाहून नेतो, युनिटची बोटं आणि पत्रा दोन्ही खातो. गाडी सकाळी सुरू होते, शंभर मीटरवर गचके देते, त्यामागे बरेचदा हाच थर असतो.

तपासायचं असेल तर कॉकमधून (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतून) किंवा हातपंपाने अगदी तळाचं २०० मिली पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला किंवा सगळं गढूळ असलं, तर टाकी पूर्ण रिकामी करा. बाटलीत पाणी ओतून ‘बघा किती पाणी निघालं’ असं दाखवणारे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. ९० मिली ई-२० मध्ये १० मिली पाणी घालून हलवलं, तर १८ मिली इथेनॉल त्या पाण्यात उतरतं आणि खालचा थर २८ मिलीच्या आसपास दिसतो. ती भेसळ नव्हे, रसायनशास्त्र आहे.

कॉकची नळी तळापासून थोडी वर असते, म्हणून कॉक उघडून सगळं पाणी निघत नाही. बाइकची टाकी उतरवून कॉक काढा, तिरकी करून ओता. कार्बोरेटरच्या बाऊलचा ड्रेन स्क्रूही सैल करा.

गंज

लोखंडी टाकीत नुसती तांबूस छटा असेल तर पेट्रोलने दोनदा खंगाळणं पुरतं. पापुद्रे सुटत असतील, कॉकच्या जाळीवर तपकिरी भुकटी साचत असेल, तर इलेक्ट्रोलिसिस सगळ्यात सुरक्षित, कारण ते चांगला पत्रा खात नाही. टाकी उतरवा, कॉक आणि युनिटची भोकं बंद करा, डिटर्जंटने धुऊन दोन दिवस उघडी ठेवा. पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. रिकामी, नुकती ओतलेली टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची असते.

मग धुण्याचा सोडा लिटरला १५ ग्रॅम या प्रमाणात पाण्यात विरघळवून टाकी भरा. १२ लिटरला १८० ग्रॅम. झाकणाच्या तोंडातून साध्या लोखंडाची सळई आत सोडा, रबरी बुचातून, म्हणजे ती टाकीला कुठेही टेकणार नाही. स्टेनलेस स्टीलची सळई चालत नाही, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. जस्ताचा मुलामा असलेलीही नको. १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचं पॉझिटिव्ह सळईला, निगेटिव्ह टाकीला. हे उलटं केलंत तर टाकीच विरघळेल. २-३ अँपिअरवर बारा ते चोवीस तास ठेवा, मध्ये सळई काढून घासून परत लावा. क्लिप काढण्याआधी चार्जर बंद करा, कारण आतून हायड्रोजन निघत असतो. नवे ‘स्मार्ट’ चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय करंट देत नाहीत; जुना ट्रान्सफॉर्मरवाला हवा.

ओलं उघडं लोखंड अर्ध्या तासात पुन्हा लालसर होतं, तेव्हा शेवटचं काम भराभर करा: स्वच्छ पाण्याने दोनदा धुवा, पाव लिटर स्पिरिट फिरवून ओता, वारं द्या, आणि कोरडी होताच अर्धा लिटर पेट्रोलमध्ये ५० मिली इंजिन ऑइल मिसळून सगळ्या आतल्या पत्र्याला लावा. कॉकची जाळी आणि फिल्टर नवे. आत लावायचं इपॉक्सी कोटिंग मिळतं, पण ते फक्त पूर्ण कोरड्या, गंजमुक्त पत्र्यावरच धरतं. घाईत लावलेलं कोटिंग पुढे पापुद्र्यांनी निघून कॉक बुजवतं.

झाकणाची हवा आणि गळती

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालून पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा चालू होते, तर बंद पडताक्षणी झाकण उघडा. सुस्स आवाज झाला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. ते साफ करा, त्यातला छोटा व्हॉल्व्ह हलतो का बघा. नव्या गाड्यांत ही हवा चारकोलच्या, म्हणजे पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या, डब्यातून येते-जाते. पंपावर ऑटो कट झाल्यावरही ‘राउंड फिगर कर रे’ म्हणून अजून ओतलेलं पेट्रोल त्या डब्यात शिरतं आणि तो निकामी करतं.

गळती कॉकच्या ओरिंगला असेल तर ओरिंग बदला. पत्र्याच्या जोडाला असेल तर वाटेत आंघोळीच्या साबणाची वडी घासून गॅरेज गाठता येतं, इपॉक्सी पुट्टी कोरड्या पत्र्यावर थोडे दिवस टिकते, दोन्ही तात्पुरते. कायमच्या कामासाठी डाख किंवा ब्रेझिंग लागतं आणि ते टाक्यांचंच काम करणाऱ्या माणसाकडे, पाणी भरून.

परत बसवून माप घेणं

नवी ओरिंग पेट्रोलने नव्हे, कोरडीच खाचेत बसवा. फ्लोट भिंतीला घासत नाही ना, हे नट आवळण्याआधी टाकी हलवून ऐका. टाकी भरून अर्धा तास ओलावा येतो का बघा, मगच सीट लावा.

मग टाकी पुन्हा रिकामी करून गाडी मेन स्टँडवर लावा, मोजून एक-एक लिटर पेट्रोल घाला, दर लिटरनंतर किल्ली चालू करून काटा कुठे आला ते लिहा. मापाबद्दल शंका असेल तर पंपावरच्या पाच लिटरच्या प्रमाणित मापात मोजून मागा. ते ठेवणं पंपाला बंधनकारक आहे आणि पाच लिटरला २५ मिलीचाच फरक चालतो. लिहिलेला कागद सीटखाली टूलकिटच्या पिशवीत ठेवा. लाल रेषेला काटा लागला तेव्हा आत नक्की दोन लिटर असतात की साडेतीन, हे पुढच्या वेळी घाटात लागेल.